विश्लेषण : कृत्रिम खुबा सैल का होतो? सर जॉन चार्नली यांना अपयशाने काय शिकवले?

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आज सर्रास होते. तिला भरवशाचे रूप दिले ते ब्रिटिश अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली यांनी. पण त्याआधी सुमारे ३०० रुग्णांमध्ये त्यांचा अंदाज चुकला होता. काय घडले होते नेमके?

चार्नली कोण होते?
त्यांचा जन्म १९११ मध्ये इंग्लंडमधील बरी येथे झाला. वैद्यकीय शिक्षण मँचेस्टरमध्ये. पुढे रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियांचे केंद्र उभारले. संधिवाताने खराब झालेल्या खुब्यातील घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी मांडीच्या हाडात पोलादी गोळ्याचा दांडा बसवला आणि वाटी टेफ्लॉनची केली.

गणित कुठे चुकले?
सुरुवातीला रुग्णांच्या वेदना थांबल्या. मात्र काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले. झिजलेले कण शरीरातील संरक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून दाह वाढतो, हाड झिजवणाऱ्या पेशी सक्रिय होतात आणि सांध्याभोवतीचे हाड पोखरले जाते. बसवलेले सांधे पुन्हा उघडावे लागले.

पुढची चाचणी कोणावर?
चार्नली यांनी टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीनचे नमुने स्वतःच्याच मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी आल्या, पॉलिइथिलीनच्या जागी नाही. तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांच्या यंत्रावरही पॉलिइथिलीन फारच कमी झिजले होते. नोव्हेंबर १९६२ पासून वाटी पॉलिइथिलीनची झाली.

टायटॅनियमचा संबंध काय?
चार्नली दांडा बसवण्यासाठी अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरत. ते डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या खाचाखोचांत शिरून दांडा जखडते. आज अनेक सांध्यांत सिमेंटच नसते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. शरीर तो सहसा परका मानत नाही, त्यामुळे खडबडीत पृष्ठभागावर हाड थेट वाढते. मात्र ही पकड जिवंत हाडावर अवलंबून असते. सांध्याभोवती दाह टिकून राहिला, तर हाड बनण्यापेक्षा झिजण्याचा वेग वाढतो आणि टायटॅनियमही सैल पडू शकते.

चार्नली यांना १९७७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. धातू कितीही मजबूत असला, तरी सांधा टिकतो तो भोवतीच्या हाडामुळे, हा त्यांच्या फसलेल्या प्रयोगाचा धडा आजही लागू आहे.