बाबूराव शेडमाके

बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके (१२ मार्च १८३३ – २१ ऑक्टोबर १८५८) हे तत्कालीन चांदा जिल्ह्यातील मोलमपल्लीचे गोंड जमीनदार आणि १८५७-५८ च्या उठावातील स्वातंत्र्यसैनिक होते. मोलमपल्ली ही अहेरी जमीनदारीतील एक लहानशी जमीनदारी असून हा परिसर आज गडचिरोली जिल्ह्यात मोडतो.

पार्श्वभूमी

चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये संपुष्टात आणले आणि कालांतराने राजघराण्याचे वंशज निवृत्तिवेतनावर राहू लागले. पुढे १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यही इंग्रजांनी खालसा केले. अरण्यातील जमीनदाऱ्या मात्र टिकून होत्या. पुल्लेसूरबापू व जुर्जाकुंवर हे बाबूरावांचे माता-पिता. बाबूरावांचे काही शिक्षण रायपूर येथे झाले. राजकुंवर या त्यांच्या पत्नी होत.

जंगोम सेना

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबूरावांनी गोंड व माडिया तरुणांची जंगोम सेना उभारली. सुमारे पाचशे जणांची ही फौज होती. तिच्यात रोहिलेही सामील झाले. यांतील बहुतेक आदिवासी शिपाई शेती व शिकार करणारे होते. पगारी शिपाईगिरीशी त्यांचा संबंध नव्हता. मार्च १८५८ मध्ये या सेनेने राजगड परगण्यावर चाल करून तो ताब्यात घेतला. त्यानंतर अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हे बाबूरावांना येऊन मिळाले. चांद्याचे उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन यांनी पाठविलेल्या सैन्याशी नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला आणि बामनपेठ येथे चकमकी झडल्या. डोंगर, बांबूची दाट बने व नदीनाल्यांची खडान्‌खडा माहिती हेच या लोकांचे खरे बळ होते.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठच्या चिचगुडी येथील तारायंत्र विभागाच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी ठार झाले. त्यांचा सहकारी पीटर निसटला व क्रिक्टन यांना जाऊन मिळाला. या घटनेनंतर बाबूरावांना पकडणे हे इंग्रजांचे पहिले उद्दिष्ट ठरले.

अटक व फाशी

केवळ सैन्याच्या जोरावर हे काम साधण्यासारखे नव्हते. म्हणून क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला आणि सप्टेंबर १८५८ मध्ये त्यांच्या साहाय्याने बाबूराव पकडले गेले. लक्ष्मीबाईंना लोकस्मृतीने क्षमा केलेली नाही; तथापि नकार दिला असता तर अहेरीची जमीनदारीच धोक्यात आली असती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. खटल्यानंतर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथील कारागृहात बाबूरावांना फाशी देण्यात आली. त्यावेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. बांबूचे दुर्मीळ फूल खाल्ल्याने त्यांच्या अंगी दैवी सामर्थ्य आले होते व म्हणून फासाचा दोर तुटला, अशी कथा या भागात सांगितली जाते.

व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले; परंतु बस्तरच्या राजाने त्यांना पकडून एप्रिल १८६० मध्ये इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्यात आली. अडपल्ली व घोट जमीनदाऱ्यांतील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून मिळाली. उठावातील सेवेचा मोबदला सरकारदरबारी नोंदला गेला तो असा, पकडून देणाऱ्यांच्या नावे. जंगोम सेनेतील सामान्य शिपायांना ना जमीन मिळाली, ना वेतन. त्यांपैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारने निवृत्तिवेतन योजना सुरू केली ती १९७२ मध्ये. तोवर त्यांच्यातील कोणी हयात असणे शक्यच नव्हते.

स्मृती

१२ मार्च २००९ रोजी भारतीय डाक विभागाने बाबूरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातील पिंपळाचे झाड त्यांच्या फाशीचे स्थळ म्हणून ओळखले जाते. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी बांधव तेथे अभिवादनासाठी येतात.