सिडने बार्न्स : लहान परगण्याचा मोठा गोलंदाज

क्रिकेटच्या गोलंदाजांत श्रेष्ठ कोण, असा वाद निघाला कीं इंग्लंडांतील जाणते लोक सिडने बार्न्सचें नांव घेतल्यावांचून राहत नाहींत. परंतु ह्या पुरुषाच्या आयुष्याचा बराच काळ प्रसिद्ध मैदानांवर गेलाच नाहीं, हें आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

बार्न्सचा जन्म १९ एप्रिल १८७३ रोजीं स्टॅफर्डशायर परगण्यांतील स्मेदिक गांवीं झाला. तारुण्यांत वॉरिकशायरकडून तो कांहीं सामने खेळला. पण तेथें त्याचें बस्तान बसलें नाहीं. मग त्यानें लँकेशायरमधील लीग सामन्यांची वाट धरली. लीगमध्यें गांवोगांवचे संघ शनिवारीं खेळत व एखादा पगारी खेळाडू ठेवीत. एक दिवसाचा खेळ, मोबदला बरा, आणि उरलेले दिवस दुसऱ्या कामास मोकळे. हा हिशेब बार्न्सला पटला.

१९०१ सालीं लँकेशायरचा कप्तान आर्ची मॅक्लॅरन ह्यानें त्याची गोलंदाजी पाहिली आणि ह्या जवळजवळ अनोळखी माणसाला इंग्लंडच्या संघांतून ऑस्ट्रेलियास नेलें. पहिल्या दोन कसोटी सामन्यांत त्यानें १९ गडी बाद केले. तिसऱ्यांत गुडघा दुखावला. परतल्यावर दोन हंगाम तो लँकेशायरकडून खेळला, १९०३ मध्यें १३१ गडी टिपले, आणि कराराच्या अटींवरून बिनसतांच संघ सोडून चालता झाला.

१९०४ पासून तो स्टॅफर्डशायरकडून खेळूं लागला. हा दुय्यम प्रतीचा परगणा. त्याचे सामने पहिल्या दर्जाचे मानले जात नसत. तेथें बार्न्सनें एकूण १४४१ गडी बाद केले, आणि एका गड्यामागें सरासरी आठांहून किंचित् अधिक धावा दिल्या. वेगानें येणारा चेंडू तो बोटांनीं असा पिळी कीं तो टप्पा पडल्यावर दोन्ही बाजूंस वळे.

कसोटी सामन्यांसाठीं मात्र इंग्लंडला त्याच्याच दारीं यावें लागे. १९११ च्या डिसेंबरांत मेलबर्न येथें त्यानें आरंभीच्या पांच षटकांत एक धाव देऊन चार मोहरे उडविले. १९१३-१४ मध्यें, वयाच्या चाळिशींत, दक्षिण आफ्रिकेंत चार कसोटींत ४९ गडी बाद केले; एका मालिकेंतील हा उच्चांक अजून कोणीं मोडलेला नाहीं. पांचव्या कसोटींत तो खेळलाच नाहीं. देण्याघेण्यावरून वाद झाला होता.

मालिका अगोदरच जिंकलेली होती हें खरें. तरी सोबत्यांना सोडून बाजूस बसणें मला रुचत नाहीं. पण त्या काळीं हौशी श्रीमंत व पगारी खेळाडू ह्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यासुद्धां निराळ्या असत. कष्टाचें मोल मागणाऱ्यास लोभी म्हणणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी घरचेच असतात, हेंहि ध्यानांत ठेवावें. पुढें महायुद्ध पेटलें आणि बार्न्सच्या कसोटी सामन्यांचा आंकडा २७ वरच थांबला, गडी १८९.

स्टॅफर्डशायरसाठीं मात्र तो साठी उलटल्यावरहि, १९३५ पर्यंत खेळला. खेळाबरोबर त्याची कारकुनीहि चालू होती. त्याचें अक्षर मोत्यांसारखें असे व कायदेशीर दस्तऐवज तो स्वहस्तें सुरेख लिहून काढी. १९५७ सालीं राणी एलिझाबेथ स्टॅफर्ड येथें आली, तेव्हां तिला अर्पण केलेला स्मृतिपट ८४ वर्षांच्या बार्न्सनें आपल्या हातानें लिहिला होता. २६ डिसेंबर १९६७ रोजीं त्याच परगण्यांत तो निवर्तला.