लिलियन गिलब्रेथ

भिवंडीजवळच्या वळ गावी मालाची मोठमोठी गोदामे आहेत. गोदामाची मांडणी जाणत्या माणसाने केलेली असेल, तर वारंवार लागणारा माल दाराजवळ असतो आणि क्वचित लागणारा आत. संगणकाची आज्ञावली लिहिणारा कुशल मनुष्यही हेच पाहतो. पुन्हापुन्हा लागणारी माहिती हाताशी असावी आणि एकाच कामासाठी दोन हेलपाटे पडू नयेत, अशी त्याची खटपट असते. हाच विचार संगणकाच्या कितीतरी आधी एका विदुषीने घरातील चुलीपर्यंत नेला होता. त्या विदुषी म्हणजे अमेरिकेतील लिलियन गिलब्रेथ.

लिलियनबाईंचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड या शहरी एका सधन कुटुंबात झाला. मुलीने महाविद्यालयात जावे हे वडिलांना प्रथम पसंत नव्हते. परंतु लिलियनबाईंनी त्यांचे मन वळविले आणि १९०० साली पदवी मिळविली. १९०४ साली त्यांचा विवाह फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी झाला.

फ्रँक हे गवंड्याच्या हाताखाली काम शिकून बांधकामाचे कंत्राटदार झालेले गृहस्थ होते. प्रत्येक विटेसाठी गवंडी कमरेत वाकतो, हे त्यांना खटकले. विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी परांची त्यांनी तयार केली. त्यामुळे एक वीट बसविण्यास जेथे १८ हालचाली लागत, तेथे ५ हून कमी पुरू लागल्या आणि तासाला १२० ऐवजी ३५० विटा बसू लागल्या. पुढे पतिपत्नी मिळून कामगारांच्या हालचालींची चलच्चित्रे घेऊन त्यांचा अभ्यास करू लागली. हात कसा हलतो हे फ्रँक पाहत, तर मन का थकते हे लिलियनबाई शोधीत. मानसशास्त्राची ही दृष्टी त्यांचीच. तथापि १९१४ साली त्यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा लेखक स्त्री आहे हे कळू नये म्हणून त्यावर केवळ आद्याक्षरे छापण्यात आली! पुढच्याच वर्षी त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

हे सारे चालू असताना घरात मुले वाढत होती. एकंदर बारा अपत्ये झाली. त्यांपैकी एक मुलगी घटसर्पाने लहानपणीच गेली. दात घासल्याची नोंदसुद्धा मुले भिंतीवरील तक्त्यावर करीत.

१४ जून १९२४ रोजी आगगाडीच्या स्थानकावरून पत्नीशी दूरध्वनीवर बोलत असतानाच फ्रँक हृदयविकाराने मरण पावले. थोरली मुलगी अठरा वर्षांची, तर धाकटी अवघी दोन वर्षांची होती. काही दिवसांतच लिलियनबाई युरोपला निघाल्या आणि पतीने स्वीकारलेले व्याख्यानाचे काम प्राग येथे त्यांनी पार पाडले. परतल्यावर मात्र वेगळेच संकट उभे राहिले. ज्या कारखानदारांनी गिलब्रेथ दांपत्याचा सल्ला घेतला होता, त्यांतील अनेकांना एकट्या स्त्रीचा सल्ला नको झाला. अकरा मुलांचे शिक्षण व्हावयाचे होते. स्त्रीला कारखाना समजत नाही असे हे लोक मानतात, पण स्वयंपाकघर समजते हे तर त्यांना नाकारता येणार नाही, हे लिलियनबाईंनी ओळखले.

खरे पाहता त्यांना स्वयंपाकाचा सराव फारसा नव्हता. घरची ती कामे दुसरी माणसे पाहत असत. कदाचित म्हणूनच सवयीने कोणाच्या डोळ्यांना न दिसणारे दोष त्यांना दिसले असावेत. स्वयंपाकघराचा नकाशा काढून, त्यावर टाचण्या टोचून, गृहिणी जेथे जेथे जाते तेथे तेथे त्या दोरा नेत. दोरा मोजला की चाल कळे. पाणी एका कोपऱ्यात, शेगडी दुसऱ्या कोपऱ्यात आणि पिठाचा डबा तिसरीकडेच, ही स्थिती आपल्याकडील घरांतही अपरिचित नाही.

१९२९ साली ब्रुकलिन येथील एका गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुन्याचे स्वयंपाकघर रचले. शेगडीला लागून काम करण्याचा ओटा, वर जिन्नस, खाली भांडी, बाजूस शीतकपाट आणि हवे तेथे ढकलता येणारे चाकांचे मेज, अशी ती मांडणी होती. केकचा एकच प्रकार जुन्या व नव्या मांडणीत करून पाहिला, तेव्हा २८१ पावलांच्या जागी ४५ पावले पुरली. पदार्थ तोच, करण्याची कृती तीच. बदलली होती ती केवळ वस्तूंची जागा. ओटा किती उंच असावा यासाठीही त्यांनी अंदाजावर विसंबून न राहता एका कंपनीच्या कामी चार हजारांहून अधिक स्त्रियांकडे विचारपूस केली.

१९३५ साली पर्ड्यू विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या आणि १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना पहिली स्त्री-सदस्य म्हणून निवडले. २ जानेवारी १९७२ रोजी, त्र्याण्णव वर्षांच्या असताना, त्या निवर्तल्या.

उतारवयात त्यांनी विशेष मन घातले ते अपंग आणि हृदयरोगी गृहिणींच्या स्वयंपाकघरांत. निरोगी स्त्रीची पावले वाचली तर तिला घटकाभर विसावा मिळे. पण या स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न घरचा स्वयंपाक आपल्या हाताने करता येईल की नाही, हाच होता. बसल्या जागी हात पुरेल अशी जिनसांची आणि भांड्यांची मांडणी लिलियनबाईंनी त्यांच्यासाठी केली.