शृंगेरी लुटली गेली तेव्हा... परशुरामभाऊ पटवर्धन यांची गोष्ट

१७९१ साली शृंगेरीचा शारदा मठ लुटला गेला. लुटणारी फौज टिपू सुलतानाची नव्हती. ती पुण्याच्या पेशव्यांची होती, आणि त्या मोहिमेचे सेनापती होते तासगावचे परशुराम रामचंद्र पटवर्धन, म्हणजेच परशुरामभाऊ. शंकराचार्यांना मानणाऱ्या स्मार्त चित्पावन घराण्यातले, पक्के गणेशभक्त. सांगली, मिरज, जमखंडी, चिकोडी या पट्ट्यात भाऊंचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्यातले हे पान बहुतेक जण उलटून पुढे जातात.

भाऊंचा जन्म १७४० चा. आजोबा हरभट हे मूळ कोकणातल्या कोतवड्याचे. इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय म्हणून ते देशावर आले आणि त्यांच्या मुलांनी पळी-पंचपात्र ठेवून तलवार धरली. गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी पेशव्यांच्या फौजेत चढत गेले. थोरल्या माधवरावांनी या घराण्याला कृष्णेपासून थेट कर्नाटकात शिरणारा मोठा सरंजाम दिला. त्यामागे सरळ हिशेब होता. दक्षिणेकडून हैदरअली वर सरकत होता, त्याला तोंड द्यायला सरहद्दीवर कायमची फौज हवी होती. पटवर्धन म्हणजे ती फौज. भाऊंनी तासगावला ठाणे केले आणि हयातभर याच सीमेवर झुंज दिली. आधी हैदरशी, मग त्याच्या मुलाशी, आणि मधल्या काळात बोरघाटात इंग्रजांशीसुद्धा.

कर्नाटकातल्या स्वाऱ्यांमधून भाऊंनी एक गोष्ट मात्र मनापासून उचलली, ती म्हणजे तिथली उंच गोपुरे. १७७९ मध्ये त्यांनी तासगावात गणपतीचे देऊळ बांधायला घेतले, त्याला दक्षिणी पद्धतीचे सात मजली गोपुर योजले. महाराष्ट्रात असे गोपुर तेव्हा नवलाचेच.

मग आले १७९० साल. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र आले. एका बाजूला ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू अशा तिन्ही सत्ता, समोर एक मुसलमान सुलतान. तरीही पुढे या लढाईला धर्मयुद्धाचे रूप देण्याचा मोह अनेकांना झाला. खुद्द टिपूही सोयीप्रमाणे जिहादची भाषा बोलत असे. भाऊंनी धारवाडला वेढा घातला. सोबतीला मुंबईहून आलेली इंग्रजांची छोटी तुकडी होती. किल्लेदार बद्रुज्जमान खान चिवट निघाला. सप्टेंबरात सुरू झालेला वेढा एप्रिल १७९१ पर्यंत रेंगाळला, तेव्हा कुठे किल्ला हाती आला.

याच मोहिमेत पटवर्धनांच्या घरातल्याच रघुनाथरावांची फौज बेदनूर भागात घुसली. फौजेबरोबर पेंढारी होतेच. मराठी फौजेचे दुखणे इथेच होते. पेंढाऱ्याला पगार नसे, लूट हीच त्याची कमाई. त्याला मुलखात सोडायचे आणि वर अमुक दार सोड, तमुक दार फोड असे बजावायचे, हे कागदावरच शक्य होते. तुंगेच्या काठी श्रीमंत मठ दिसला, तो त्यांनी फोडला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली, सोन्याची पालखी गेली. स्वामी सच्चिदानंद भारती यांना कारकळला आसरा घ्यावा लागला.

स्वामींनी मदत मागितली ती टिपूकडे. आणि टिपूने ती दिली. मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना व्हावी म्हणून २०० राहती रोख, धान्य, वस्त्रे पाठवली. शत्रूच्या नाशासाठी सहस्रचंडी करावी, अशी विनंतीही केली. तो शत्रू म्हणजे पेशव्यांची फौज! ही कानडी पत्रे १९१६ मध्ये मठात सापडली. तेव्हापासून एक गट ती टिपूच्या उदारपणाचा पुरावा म्हणून दाखवतो, तर दुसऱ्या गटाला त्यात नुसती चाल दिसते. याच टिपूने मलबार आणि कोडगूमध्ये सक्तीने धर्मांतरे घडवली होती, हेही खरेच. शृंगेरी त्याच्या राज्यातली, तिथले स्वामी त्याच्या प्रजेचे गुरू. मलबार आणि कोडगू बंडखोर. राजाला दोन्हीकडे राज्यच दिसत होते, असे म्हणणे पुराव्याला जास्त धरून आहे.

पुण्यात ही बातमी गेली तेव्हा मोठी अस्वस्थता पसरली. लूट शोधून मठाला परत करा, स्वामींची समजूत काढा, असे पटवर्धनांना बजावण्यात आले. पण हजारो हातांत विखुरलेला माल गोळा होतो थोडाच! भाऊंनी मठ फोडायचा हुकूम दिला होता, असे मानायला आधार नाही. मात्र फौज त्यांची, मोहीम त्यांची. जबाबदारी झटकता येत नाही.

मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूचे निम्मे राज्य गेले, मराठ्यांची हद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली. तीनच वर्षांत, मार्च १७९५ मध्ये, कालचा दोस्त निजाम खर्ड्याच्या मैदानात समोर उभा होता आणि मराठी फौजेचे सेनापती पुन्हा भाऊच. तिथे ते जखमी झाले, पण मराठ्यांचा विजय झाला.

उतरण मात्र लगेच लागली. सवाई माधवराव गेल्यावर पुण्यात गादीचा खेळ रंगला. नाना फडणीस, दौलतराव शिंदे आणि दुसरा बाजीराव यांच्या डावपेचांत रणांगणावरचा हा माणूस सापडला आणि १७९६ मध्ये कैदेत पडला. इकडे कोल्हापूरकरांनी पटवर्धनांच्या मुलखावर हात टाकला, तासगावचा वाडा जाळला. सुटका झाल्यावर भाऊ कोल्हापूरवर चालून गेले. आता तर दोन्ही बाजू मराठी, दोन्हीकडे देव तेच.

सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडी-निपाणी भागातल्या पट्टणकुडीला गाठ पडली. साठीच्या घरातले भाऊ त्या लढाईत पडले. ते रणातच गेले की जखमी अवस्थेत पकडून मारले गेले, यावर पटवर्धनी आणि कोल्हापुरी बाजूंचे आजवर जमलेले नाही. चारच महिन्यांपूर्वी, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टणच्या तटाशी टिपूही पडला होता. तासगावचे देऊळ त्याच वर्षी पुरे झाले. ते काम भाऊंच्या मुलाने, रामचंद्र आप्पांनी, तडीस नेले. तिथे दरवर्षी ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, आणि तो भाविक हाताने दोर धरून ओढतात.