डॉ. लूसी विल्स आणि गर्भाची शिदोरी

रायगड किनाऱ्यावरील आरोग्य केंद्रांत गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात. त्यांचा इतिहास ज्या मुंबईत कोकणातील हजारो कुटुंबे गिरणीच्या आधारावर जगली, त्याच मुंबईत घडला आहे.

१८८८ साली इंग्लंडात जन्मलेल्या डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या. गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या, प्रसंगी प्राणघातक ठरणाऱ्या पंडुरोगाचे कारण त्यांना शोधावयाचे होते. हाफकिन संस्थेत संशोधन करताना त्यांची दृष्टी रोग्याच्या ताटाकडे वळली. यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रोग हटतो, हे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल होय. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. १९६४ मध्ये विल्स निवर्तल्या.

वार हे जीवनसत्त्व आईच्या रक्तातून ओढून घेते. गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षाही अधिक असते. तुटवडा पडला, की प्रथम आई खंगते. शिवाय ज्या नळीपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याची जाणीवही नसते.

तेव्हा गरोदरपणाची नोंद झाल्यावर दिलेली गोळी आईचे रक्त राखील. परंतु ही नळी घडण्याची वेळ टळलेली असेल. घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटात पालेभाजी व कडधान्य आधीपासूनच पडले पाहिजे. हा प्रश्न औषधाइतकाच अन्नाच्या वाटणीचा आहे.