लेव्ह आर्त्सिमोविच
लेव्ह आंद्रेयेविच आर्त्सिमोविच (२५ फेब्रुवारी, १९०९:मॉस्को – १ मार्च, १९७३:मॉस्को) हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ होते. चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा बंदिस्त करून नियंत्रित केंद्रकीय संमीलन घडवण्याच्या सोव्हिएत प्रयोगांचे त्यांनी १९५१पासून मृत्यूपर्यंत नेतृत्व केले. टोकामॅक या उपकरणाला जगभर मान्यता मिळाली, ती प्रामुख्याने त्यांच्या गटाच्या कामामुळे.

== शिक्षण आणि सुरुवातीचे कार्य ==
आर्त्सिमोविच १९२८मध्ये मिन्स्क येथील विद्यापीठातून पदवीधर झाले. १९३०मध्ये ते लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत रुजू झाले. १९४४पासून त्यांनी इगोर कुर्चातोव्ह यांच्या मॉस्कोतील प्रयोगशाळेत युरेनियमची समस्थानिके विद्युतचुंबकीय पद्धतीने वेगळी करण्याचे काम केले.

== प्लाझ्माची अस्थिरता ==
१९५२मध्ये त्यांच्या गटाला ड्यूटेरियम वायूतून प्रबळ विद्युतप्रवाह सोडला असता न्यूट्रॉन बाहेर पडताना आढळले. हे संमीलनाचे यश वाटण्याजोगे होते. मात्र प्लाझ्माचा स्तंभ अस्थिर होऊन जागोजागी आवळला जातो, त्यामुळे निर्माण झालेले विद्युतक्षेत्र काही केंद्रकांना वेग देते आणि त्यांच्या टकरींतून हे न्यूट्रॉन येतात, असा निष्कर्ष या गटाने काढला. संपूर्ण प्लाझ्मा पुरेसा तापलेला नव्हता. कुर्चातोव्ह यांनी १९५६मध्ये इंग्लंडमधील हारवेल येथील व्याख्यानात हे संशोधन जाहीर केले.

== टोकामॅक ==
टोकामॅकमध्ये कड्याच्या आकाराच्या पोकळीतील प्लाझ्मातून विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाह फार वाढल्यास प्लाझ्मा मुरडून भिंतीवर आदळतो. ते टाळण्यासाठी कड्याच्या दिशेने प्रबळ चुंबकीय क्षेत्र ठेवतात आणि प्रवाह त्या क्षेत्राने ठरणाऱ्या मर्यादेच्या आत राखतात. ही मर्यादा सोव्हिएत संघात व्हिताली शाफ्रानोव्ह आणि अमेरिकेत मार्टिन क्रुस्कल यांनी स्वतंत्रपणे मांडली होती.

१९६५मध्ये कलहॅम येथील परिषदेत आर्त्सिमोविच यांनी मांडलेल्या निष्कर्षांवर पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी शंका घेतली. १९६८मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत त्यांनी टी-३ टोकामॅकमध्ये इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे १ कोटी अंशांवर पोहोचल्याचे सांगितले. शंका दूर करण्यासाठी त्यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञांनाच तापमान मोजण्यास बोलावले. शीतयुद्धाच्या काळातही कलहॅमचा गट लेसर उपकरणे घेऊन मॉस्कोत आला आणि १९६९मध्ये त्याच्या मोजमापांनी सोव्हिएत दाव्याला दुजोरा दिला. त्यानंतर अमेरिकेतील प्रिन्स्टन प्रयोगशाळेने आपल्या मॉडेल-सी या स्टेलरेटरचे टोकामॅकमध्ये रूपांतर केले आणि इतर देशांतही टोकामॅक उभारले जाऊ लागले.

== सन्मान ==
१९५३मध्ये ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. त्यांना १९५८मध्ये लेनिन पारितोषिक, तर १९६९मध्ये समाजवादी श्रमवीर हा किताब मिळाला. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.