लेडी डे : बिली हॉलिडे

जॅझ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ट्रंपेट आणि सॅक्सोफोन येतात. ते स्वाभाविकच आहे. मुंबईच्या हॉटेलांतून हे संगीत वाजवणारे बरेचसे कलावंत गोव्याचे होते आणि सी. रामचंद्रांनी त्यांच्यातल्या चिक चॉकलेटसारख्या वादकांना हाताशी धरून त्याचा ठेका आपल्या सिनेसंगीतात आणला. जॅझमधले गाणे मात्र आपल्याकडे त्या मानाने कमी पोचले. ते ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी बिली हॉलिडेपासून सुरुवात करावी.

तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ चा, अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा. पाळण्यातले नाव एलिनोरा. वडील क्लॅरन्स हॉलिडे वादक, पण घरात न टिकलेले. आईशी त्यांनी लग्न कधी केलेच नाही. आई सेडी पोटासाठी गावोगाव कामे करी आणि मुलगी बाल्टिमोरला नातलगांकडे वाढत होती. शाळा बुडवते म्हणून वयाच्या नवव्या वर्षी तिला सुधारगृहात धाडण्यात आले. पुढे लोकांच्या घरच्या पायऱ्या घासून ती चार पैसे मिळवी. ग्रामोफोनवर लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ ऐकले, हीच तिची तालीम. स्वरलिपी वाचायला ती कधीच शिकली नाही.

आईपाठोपाठ ती न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली आणि तिथल्या लहान लहान क्लबांतून गाऊ लागली. १९३३ मध्ये जॉन हॅमंड या जाणकाराने तिला ऐकले आणि अठराव्या वर्षी तिची पहिली रेकॉर्ड निघाली. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनबरोबर तिने जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांवर तिची खरी कीर्ती उभी आहे. गंमत अशी की तिच्या वाट्याला येणारी गाणी पुष्कळदा सामान्यच असत. चांगली गाणी आधी बड्या गोऱ्या गायकांकडे जात.

जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणतात ते आपल्या प्रचलित चिजेसारखे असते. शंभर जणांनी गायलेले, सर्वांना पाठ असलेले गाणे; प्रश्न एवढाच, की तू त्यात काय सांगतोस? बिलीचा आवाज जेमतेम सप्तकभर फिरणारा, थोडा किनरा. ताना नाहीत, आवाजाचा दणका नाही. ती मूळ चाल सपाट करून दोन-चार स्वरांत आणून ठेवी, ठेका पुढे जाऊ देई आणि आपण मागून सावकाश येऊन नेमकी जागा गाठी. ग्वाल्हेर-बडोद्याच्या मैफली ऐकलेल्या कानांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या गाण्याशी गप्पा मारत वाजे. त्यानेच तिला ‘लेडी डे’ हे नाव दिले आणि ते जन्माचे चिकटले. या रेकॉर्डांचे तिला ठराविक पैसे मिळत. विक्रीतला वाटा नाही.

१९३७ मध्ये वडील टेक्सासमध्ये न्यूमोनियाने गेले. काळा माणूस म्हणून त्यांना वेळेवर उपचार मिळाले नव्हते. पुढच्या वर्षी आर्टी शॉ या गोऱ्या वादकाच्या वाद्यवृंदात ती गात होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला मालवाहू लिफ्टने ये-जा करायला सांगितले गेले. तिने ते काम सोडले. १९३९ मध्ये ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात तिच्या हाती ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे आले. एबल मीरोपोल या शाळामास्तरांनी लिहिलेले. दक्षिणेत काळ्या माणसांना झाडाला लटकावून मारत, त्याबद्दलचे. हे गाणे ती शेवटी गाई. वेटर थांबत, दिवे मालवले जात, फक्त तिच्या चेहऱ्यावर उजेड. गाणे संपले की ती निघून जाई. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. कमोडोर या लहान कंपनीने धाडस केले.

तिची स्वतःची गाणी थोडी, पण ती तिच्या संसारातून आलेली. ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ हे आईशी पैशांवरून झालेल्या भांडणातून सुचले असे ती सांगे. आर्थर हर्झॉगसह ते तिने लिहिले. ‘डोन्ट एक्सप्लेन’ हे नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावरचे. सुखाचे म्हणावे असे लग्न तिच्या नशिबी नव्हतेच. दारू होती, आणि पुढे हेरॉइन आले. १९४७ मध्ये अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात तिला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. १९४८ च्या मार्चमध्ये ती सुटली आणि दहाएक दिवसांत कार्नेगी हॉलमध्ये गायली, तेव्हा सभागृह तुडुंब भरले होते.

खरी शिक्षा मात्र सुटकेनंतर सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू मिळते अशा क्लबात गायचे तर पोलिसांचे परवाना-कार्ड लागे. तिचे कार्ड गेले ते गेलेच. कार्नेगी हॉलसारख्या मोठ्या सभागृहात ती गाऊ शके. पण जिथे टेबलाशी बसलेला श्रोता हाताच्या अंतरावर असतो, जिथे तिचे गाणे घडले, ती जागा तिच्याच शहरात तिला बंद झाली. गाणे हाच ज्याचा धंदा, त्याला दंड भोगून झाल्यावरही गाऊ न देणे, याला न्याय कसे म्हणावे?

१९५६ चे ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे आत्मचरित्र आणि त्याच नावाची लाँग प्ले रेकॉर्ड या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. पुस्तक विल्यम डफ्टी या पत्रकाराने शब्दांकित केले. ते जपूनच वाचावे. आईवडिलांच्या लग्नाची हकीकतसुद्धा त्यात खरी नाही. रेकॉर्डवर मात्र विसंबता येते. नॉर्मन ग्रॅन्झने काढलेल्या या रेकॉर्डमध्ये बारा गाणी आहेत. आठ जून १९५६ मधली, चार दोन वर्षे आधीची. शीर्षकगीताची चाल हर्बी निकोल्स या त्या काळी उपेक्षित राहिलेल्या पियानोवादकाची, शब्द बिलीचे. शेजारीच ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’, ‘स्ट्रेंज फ्रूट’ आणि ‘विलो वीप फॉर मी’सारखी सर्वांची स्टँडर्ड गाणी. साथीला चार्ली शेव्हर्सचा ट्रंपेट, विंटन केलीचा पियानो.

आवाज तोवर खरवडला गेला होता. १९३९ चे ‘स्ट्रेंज फ्रूट’ आणि हे, अशी दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. पहिल्यात तरुण बाईचा संताप आवरलेला आहे. दुसऱ्यात आवरायला फारसे बळच उरलेले नाही आणि शब्द जवळजवळ बोलल्यासारखे येतात. काही जाणकारांना हा उतार वाटतो. मला तसे वाटत नाही. स्वतःची गाणी कोणती आणि लोकांची कोणती, हे या रेकॉर्डमध्ये नावे वाचल्याशिवाय कळत नाही, इतकी सगळी तिची झाली आहेत. त्या नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये तिने पुन्हा गाऊन दाखवले. मधूनमधून पुस्तकातले उतारे वाचले गेले.

१९५७ च्या डिसेंबरात टेलिव्हिजनवर लेस्टर यंग तिच्या ‘फाइन अँड मेलो’साठी उभा राहून थोडेसेच वाजवतो आणि ती त्याच्याकडे पाहत मान डोलावते. ते चित्रण आजही पाहता येते, जरूर पाहावे. १९५९ च्या मार्चमध्ये लेस्टर गेला. मे अखेरीस बिली इस्पितळात दाखल झाली. तिथे खोलीत अंमली पदार्थ सापडले म्हणून पोलिसांनी तिला खाटेवरच अटक केली आणि दाराशी पहारा बसवला. १७ जुलैला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती त्याच इस्पितळात गेली. कार्डाची ती पद्धत न्यूयॉर्कने १९६७ मध्ये बंद केली.